हवा कुठं जाते

तन्मय लिखारची पांढरी गाडी स्वतःच्या चाकांवर आली,
पण चढावर दमलेल्या माणसासारखी.
दारावर चिकटपट्टीचा सतरा नंबर अजून तसाच,
टायरच्या कडांना वितळलेल्या रबराच्या वळ्या.
"बारा चकरा मस्त गेल्या," तो म्हणाला, "तेराव्यात दम सुटला."
चव्वेचाळीस डिग्री होती त्या दिवशी, आणि त्या पडीक धावपट्टीवर
सावली होती ती फक्त गाड्यांच्या पोटाखाली.

डॅशबोर्डवर वरून बसवलेलं गोल मीटर.
पहिले काटा एक पॉइंट चारला टेकायचा,
आता पॉइंट सहावरच अडतो
आणि मागून काळा धूर, वीटभट्टी पेटवल्यासारखा.
नागपूरच्या ज्या पोरानं इंजिनाची ताकद वाढवून दिली
तो फोनवर म्हणाला, टर्बो गेला, पंचेचाळीस हजार धर.
आकडा सांगून तन्मयनं माठातलं पाणी मागितलं.

बाला आकडा ऐकू गेला नाही, तो डाव्या बाजूला उभा होता.
सोळा वर्षं जिनिंगमधल्या रेच्यांपाशी काढली,
तो कान तिथंच राहिला.
त्यानं पाईप काढून टर्बोच्या तोंडात दोन बोटं घातली,
पंख्याची दांडी हलवून बघितली, फिरवून बघितली,
तेल अंगठ्यावर चोळलं.
"हा तं जित्ता हाये," म्हणाला. "याले मेला म्हन्ते कोन?"

मग आमचं घरचं यंत्र निघालं.
संत्र्याच्या बागेतल्या ठिबकचं उरलेलं टोपण,
भोक पाडून त्यात टायरचा व्हॉल्व.
ते टर्बोच्या तोंडावर, कंप्रेसरची नळी व्हॉल्ववर.
फवारणीच्या पंपात पाणी अन् शाम्पूच्या चार पुड्या टाकून
मी एकेका सांध्यावर मारत गेले.
एक बुडबुडा नाही.
तन्मय मोबाइलवर टर्बोचे भाव बघायला लागला.

बा मडगार्डवर हात ठेवून उभा.
"गार हाये ना गाडी," शेवटी म्हणाला.
"गार असल्यावर समदेच बरोबर असतेत.
जा, पुसल्यापर्यंत हान, तापवून आन."

अर्ध्या तासानं बोनेट उघडलं तर वाफारा तोंडावर आला.
पुन्हा टोपण, पुन्हा हवा.
टाकी भरल्यावर बानं कंप्रेसर बंद केला
आणि माझ्याकडं बघितलं. हे आमचं ठरलेलं.
इथून पुढं कान माझे.

लिंबाच्या झाडावर होला घुमत होता, तो वजा केला.
रस्त्यावरचा ट्रॅक्टर वजा केला.
तन्मयचं पुटपुटणं हातानंच थांबवलं.
तेव्हा खालून, बंपरच्या आतून,
वर्गात मागच्या बाकावरून कुणी उत्तर सांगावं
इतकंच, श्श.

इंटरकूलरचा खालचा होज, आणि त्याचीही खालची बाजू,
पत्र्याला घासून घासून नखाएवढी चिरलेली.
गार असताना ओठ मिटून बसायची,
तापली, आतून रेटा आला, की उघडायची.
शाम्पूचा फेस तिथं भाजीसारखा उतू आला.
तन्मय मातीत आडवा होऊन बघत राहिला,
पांढऱ्या शर्टानिशी.

ट्रॅक्टरच्या रेडिएटरचा जाड पाईप कापून बसवला, दोन नव्या पट्ट्या.
दोनशे ऐंशी रुपये. त्यानं पाचशे दिले,
बानं सुटे शोधायला गल्ला पालथा घातला.

वरुडच्या रस्त्यावर काटा एक पॉइंट चारला गेला.
"काका, शिटी आली का ऐकू?" तन्मय ओरडला.
बाचा तळहात डॅशबोर्डवर सपाट.
"काटा दिसून राह्यला ना," तो म्हणाला.

रात्री जेवताना मला म्हणाला,
"ते शिटी नेमकी कशी वाजते वो?"
मी ओठ जवळ आणून बारीक हवा सोडली,
खालून वर, टर्बो चढतो तशी.
तो माझ्या उष्ट्या तोंडासमोर
बोट धरून बसला होता,
हवा कुठून येते ते बघत.