अस्थिर वजन

भोसरीत, एस ब्लॉकच्या मागच्या गल्लीत,
एका फाउंड्रीत दीडशे किलोचा काटा आहे, सत्त्याण्णव सालचा.
पाठीला नऊ पिनांचं तोंड,
त्यात इतक्या वर्षांची वाळू आणि वंगण.
मी ते टूथब्रशने घासलं, माझ्याच जुन्या.
मालक म्हणाले, "तांबोळी मॅडम, याला वायफाय लागेल?"
म्हटलं, "आधी बोलतो का ते बघू."

बोलत होता.
पण स्क्रीनवर नुसते चौकोन आणि उलटी प्रश्नचिन्हं,
वेग जुळत नव्हता.
चोवीसशेवर आणला तेव्हा
भांडण मिटल्यासारखा म्हणाला:
शून्य पूर्णांक शून्य शून्य किलो.

सोपानराव लोंढे रजिस्टर घेऊन शेजारी उभे.
त्यांना सांगितलं, दोन तारांची अदलाबदल करायची,
त्याचं तोंड माझ्या कानाला, माझं त्याच्या.
सरळ जोडल्या तर दोघंही बोलत बसतात,
ऐकायला कोणीच नाही.
"आमच्या घरी तसंच आहे," सोपानराव म्हणाले.
आणि ही तिसरी, शून्याची.
दोघांचं शून्य एक नसेल
तर कोण किती वर, कोण किती खाली, कसं ठरवणार?
यावर ते काही बोलले नाहीत.

गप्प असते तेव्हाही ही तार रिकामी नसते,
उणे बारा व्होल्ट धरून बसलेली असते.
हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

काडेपेटीएवढा डबा विश्वकर्म्याच्या फोटोशेजारी लावला,
पत्र्याच्या शेडमध्ये तेवढ्याच कोपऱ्यात रेंज येत होती.
तार संपली.
आता काटा हवेतून बोलतो,
पिंपळे गुरवला माझ्या उशाशी असलेल्या फोनशी.

प्रत्येक वजनाआधी तो दोन अक्षरं पाठवतो.
एसटी म्हणजे स्थिर.
(वाकडेवाडीच्या स्टँडवर कुणी हे मान्य करणार नाही.)
यूएस म्हणजे अजून हलतंय, थांबा.
लोखंडाला एसटी लगेच मिळते.
ब्रेक ड्रम ठेवला की दुसऱ्या सेकंदाला स्थिर, एकवीस चाळीस,
पुढचा, एकवीस पस्तीस.

तिसऱ्या रात्री, एक पन्नासला:
यूएस, शेहेचाळीस चाळीस.
यूएस, शेहेचाळीस पंचेचाळीस.
यूएस, शेहेचाळीस पस्तीस.
मग शून्य.
वाटलं, लोडसेल गेला. नाहीतर माझं सोल्डरिंग.
दुसऱ्या रात्री त्याच वेळेला शेहेचाळीस पंधरा.
त्याच्या पुढच्या रात्री पंचेचाळीस नव्वद,
आणि एकदाही स्थिर नाही.

सकाळी मालकांचा फोन, "रात्री कास्टिंग नसतं, हे काय येतंय?"
मी गेले. पिना तपासल्या, सगळ्या जागेवर.
सोपानराव चहा ओतता ओतता हळूच म्हणाले,
"सुरवसे असेल. उमरग्याचा, रात्रपाळीचा.
टीबीच्या गोळ्या चालू आहेत.
डॉक्टरनी सांगितलंय, वजन वाढलं पाहिजे."

लोखंड श्वास घेत नाही.
एवढी साधी गोष्ट,
आणि मी दोन दिवस सोल्डर उकरत होते.

मालकांना म्हटलं, "रात्रीचे आकडे गाळून टाकते."
एक ओळ लिहिली: अकरा ते सहा, रिपोर्टात घेऊ नये.
खोटं नव्हतं. रिपोर्टात ते कुठेच येत नाहीत.
दुसरी ओळ कुणाला दाखवली नाही.

त्यानंतर एकदा गेटवर तो दिसला,
मफलर तोंडावर, हातात डबा.
विचारलं, "जेवलात का?"
तो म्हणाला, "हो," आणि
मी कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.
त्याचं वजन मला ग्रॅमपर्यंत ठाऊक.
मान खाली घालून स्कूटर काढली.

काल एक बावन्नला फोन उजळला.
यूएस, शेहेचाळीस पाच.
यूएस, शेहेचाळीस दहा.
मग, बहुतेक त्याने श्वास रोखला असावा,
एसटी, शेहेचाळीस पाच.
एक सेकंदभर.
मी पण उशीवर तशीच.
मग पुन्हा यूएस.