एक तुकडा कमी

लर्विकमध्ये डिसेंबरातला दिवस
नऊला उगवतो आणि तीनला आवरतं घेतो,
जणू तोही कुणी वापरून झाल्यावर
आमच्याकडे आणून टाकलाय.

धक्क्यामागच्या या जुन्या वस्तूंच्या दुकानात
मी चिठ्ठ्या लिहितो.
सदतीस वर्षं फेरीबोटीची तिकिटं फाडली,
आता या वयात बोटांना शाई लागली.
'कान तुटलाय, चहा गळत नाही.'
'कोपराला रफू. रफू माझं नाही, चांगलं आहे.'
'घड्याळ चालतं, त्याच्या मनात येईल तेव्हा.'
इंगा म्हणते, रास्मी, असं लिहिलंस तर घेणार कोण?
घेणारा घेतो.
खोटं लिहून खपवलेली वस्तू
घरी गेल्यावर तोंड उघडतेच.

ऑस्ला आली ती गारांतून, टोपी निथळत.
यंदा नाताळला नवं काही घ्यायचं नाही, म्हणाली, ठरलंय.
जिच्या शिवणीत कुणाची झोप शिवली गेली असेल
अशी वस्तू झाडाखाली ठेवायची नाही.
जूनमध्ये ठरवलं होतं. जूनमध्ये सोपं असतं.

मग एकेक वस्तू उलटून बघू लागली,
कल्ले उचलून मासळी बघावी तशी.
सासऱ्यांना लोकरी हातमोजे,
मनगटावर दुसऱ्याच कुणाची आद्याक्षरं.
नणंदेला लोण्याचं काचेचं भांडं.
नवऱ्याला काय, त्याचं कशात अडलंय!

मुलीपाशी मात्र अडली.
रूनाला, वय वर्षं सात, हवा होता
वर्गात सगळ्यांकडे आहे तो
बोलणारा, डोळे मिचकावणारा कोल्हा.
"तिनं कुठं काय ठरवलंय," ऑस्ला म्हणाली,
"ठरवलं मी, आणि चिमटा तिला."
मी काही बोललो नाही.
आयुष्यभर पार्सलं तोलली,
तत्त्व आणि लेकरू एका काट्यावर कसं ठेवायचं
ते कुणी शिकवलं नाही.

शेवटी वरच्या फळीवरचं खोकं काढून दिलं:
पाचशे तुकड्यांचं कोडं. बंदर, चार होड्या,
आणि बाकी सगळं आभाळ.
वर माझीच चिठ्ठी:
'एक तुकडा कमी. मोजून लिहिलंय.'
खरंच मोजले होते, हीटरपाशी बसून,
चार संध्याकाळी, दहा-दहाचे ढीग करत.
"एकच ना?"
"एकच. दोन पौंड."

चोवीस तारखेला सुपरमार्केटात दिसली मला ती.
कोल्ह्याचं खोकं हातात घेऊन उभी.
नजरानजर झाली, तिनं मान खाली घातली,
मी माझी टोपली पाठीमागे नेली:
त्यात द्राक्षं होती, माझ्याहून जास्त जग पाहिलेली.
कोल्हा घेतला की परत ठेवला,
ते बघायला मी थांबलो नाही.

जानेवारीत, दुकान उघडतोय तोच
दारात रूना, काखोटीला खोकं.
"रास्मी, तुम्ही खोटं लिहिलंय.
दोन कमी आहेत."

एक तिनं करून घेतला होता,
ओट्सच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, मेणखडूनं रंगवून.
जागेत धड बसत नव्हता म्हणे,
त्यावर एक पक्षी होता,
मूळ चित्रात कुठेच नसलेला.
"आणि दुसरा?"

गुडघे टेकले. हीटरखाली हात घातला.
धूळ, एक बटण, जुनं नाणं,
आणि शेवटी सापडलाच की,
फुंकर मारून, विजयी वीरासारखा,
तिच्या तळहातावर ठेवला.

तिनं तो दिव्याखाली धरला.
खिडकीबाहेरच्या ढगांशी ताडून पाहिला.
"हा आमचा नाही," म्हणाली,
"आमचं आभाळ इतकं निळं नाही."
मग दप्तर उघडून
कात्री काढली, आणि माझ्यापुढे धरली.