बाकी

चिलीत मध्यरात्र होते तेव्हा रुवैसला सकाळचे आठ.
पडदे ओढून मी माझी रात्र करते.
आतल्या खोलीत, खिडकीच्या काचेला फॉइल चिकटवून,
भार्गवने त्याची वेगळी केलेली असते.
रिफायनरीच्या ज्वाळेखालून तो आत्ताच आलाय,
बुटांत वाळू, केसांना गंधकाचा वास.
एका फ्लॅटमध्ये दोन रात्री, आणि बाहेर
सेहेचाळीस अंशांचं ऊन.
समोरचा मिनार बुडापासून हलतोय
पाण्यात धरलेल्या काठीसारखा.

इग्नासिओ पडद्यावरून सांगतो, हवा आज बरी आहे.
त्यांच्या डोंगरावरून नारिंगी लेझर वर गेलाय,
नव्वद किलोमीटरवरच्या सोडियमला डिवचून
एक खोटा तारा पेटवलाय.
खोट्याचं थरथरणं मोजायचं
आणि आरशाने सेकंदाला हजार वेळा
तेवढंच उलट वाकायचं.
हवा जिथे फुगेल तिथे दबायचं.
(असं न बोलता वाकणारं मी एकच माणूस पाहिलंय.
ते आत घोरतंय.)

मग क्वेसार.
अकराशे कोटी वर्षांपूर्वी निघालेला उजेड,
कृष्णविवराने गिळता गिळता सांडलेला.
इतका सांडलेला, की ज्या दीर्घिकेच्या पोटात हे चाललंय
ती दिसतच नाही.
तिला आम्ही यजमान दीर्घिका म्हणतो.
पाहुणा दारात असा झगमगतो
की घर कुणाचं, हे विचारायचं राहूनच जातं.

इचलकरंजीहून आत्याचा फोन.
"यजमान कसे आहेत?"
"अजून दिसले नाहीत," मी म्हणते.
पलीकडे मागांची खडखड, आणि ती गप्प.
तिला समजावेपर्यंत दोन फ्रेम हुकतात.
खरं तर इथे हा शब्दच मला पुरत नाही.
इथे कफील असतो, कार्डावर संपायची तारीख असते,
अकरा वर्षं ज्या नळाचं पाणी प्यायलो
त्याच्याकडेही आपण पाहुण्यासारखेच बघतो.

वजाबाकी.
शेजारचा एक साधा तारा घ्यायचा,
त्याचा ठसा क्वेसारवर तंतोतंत ठेवायचा, आणि काढून टाकायचा.
जरा जास्त काढलं तर मधोमध काळं भोक,
जरा कमी, तर पुन्हा तोच दिमाख.
नेमकं किती काढायचं ते सूत्रात नसतं,
हाताला कळावं लागतं, मिठासारखं.
अकरा वाजेपर्यंत काहीच नाही.
सव्वाअकराला एक डाग,
एका बाजूला ओढलेला.

डागावर लगेच जीव टाकायचा नसतो.
आम्ही दुर्बीण चाळीस अंश फिरवली.
डाग दुर्बिणीबरोबर फिरला तर तो आमच्याच आरशाचा,
आकाशाला धरून राहिला तर तिथला.
इग्नासिओ नखं खात होता. मी गार झालेला कडक ढवळत होते.
राहिला.
आकाशाला धरून राहिला,
शेपटासकट.
कोणीतरी दुसरी, तेवढीच पुसट,
तिला घासून गेली असावी.

संध्याकाळी भार्गवला सोडायला खाली उतरले.
ज्वाळा आभाळभर. मी एक डोळा मिटून
तिच्यावर अंगठा धरला.
अंगठ्याच्या कडेला हळूहळू उमटलं:
कॅम्पच्या गच्चीवर वाळत घातलेले डांगऱ्या, गंज्या,
बसच्या रांगेतली टोपीखालची माणसं,
कोणीतरी खाली बसून बुटाची नाडी बांधतंय.
"काय करतेस?" भार्गवने विचारलं.
"वजा करतेय."
त्याने मान डोलावली, जणू हे रोजचंच आहे,
आणि तो रांगेत शिरला. तिथून मला तो वेगळा ओळखता येईना.

रात्री आत्याने पुन्हा फोन केला, उगाचच.
भाव, लग्नं, कुणाचं ऑपरेशन, सगळं संपल्यावर
नेहमीसारखं म्हणाली, "बाकी काय?"
मी म्हटलं, आत्या, बाकी आहे.
पुसट आहे, पण आहे.