पाठमोरी

बस उतारावर सोडते. पुढे नदीच.
ओका इथे वळायला येते
आणि ऐन वेळी विचार बदलल्यागत सरळ निघून जाते.
धक्क्यावर एक मांजर, एक बंद तिकीटखिडकी,
आणि धुरी दिलेले मासे दोरीला टांगून बसलेला सावेली,
जो ओरडत नाही.
ज्याला हवेत तो येईल, असं त्याचं म्हणणं.
संध्याकाळपर्यंत कुणी ना कुणी येतंच.

गावात रस्ते चार. चित्रकार, सावेलीच्या मोजणीने, एकोणीस:
सतरा टेकडीवर, बर्चखाली, दगडावर नाव कोरून,
एक मॉस्कोला,
आणि एक कुंपणं रंगवतो,
उधारीवर.

संग्रहालय म्हणजे वेतोश्किनचं लाकडी घर.
दारात बुटांवर चढवायच्या नमद्याच्या सपाता,
सगळ्या एकाच मापाच्या, म्हणून सगळेच फरफटत चालतात.
आत कपितोलिना येगोरोव्ना, मांडीवर विणकाम,
डोळे माझ्या बोटांवर.
"हात लावू नका."
लावला नव्हता. लावणार होते.

चित्र हातभर. त्यात ऑक्टोबर, पाणी, आणि आभाळ
जरा जास्तच.
खाली कोपऱ्यात, फळीवर गुडघे टेकून
कपडे खळबळणारी एक बाई, पाठमोरी,
डोक्याला लाल रुमाल.
अख्ख्या चित्रात लाल तेवढाच.

"ती माझी आई," सुई न थांबवता.
"रुमाल करडा होता."

वेतोश्किनला तिथे लाल हवा होता, त्याने लावला.
आईने चित्र पाहिलं अकरा वर्षांनी,
शाळेच्या हॉलमध्ये, माणसांच्या डोक्यांमागून.
तोवर गावाचं ठरून गेलं होतं.
कुठून कुठून लोक येत, विचारत,
लाल रुमालवाली कुठे राहते?
आई करड्यात दार उघडायची, ते हिरमुसायचे.
चार-पाचदा तिने ते तोंड पाहिलं,
मग बटाट्याच्या पैशातून कालुगाहून लाल आणला.
दाराशी खिळ्याला असायचा.
कडी वाजली की बांधायचा,
माणूस गेला की सोडायचा.

"आणि चेहरा?" मी विचारलं.
"चेहऱ्याचं कुणी विचारत नाही. तुम्ही तिसऱ्या."
एक फोटो होता, घर जळालं त्यात गेला.
"पाठ आहे. पाठ सरकारजमा आहे.
नोंद क्रमांक एकशे बारा."

पाच वाजता तिने कुलूप घातलं, ओढून पाहिलं,
दोन पावलं जाऊन परत येऊन ओढून पाहिलं.
मग मला म्हणाली, चला, कुठून ते दाखवते.

फळी नाही आता. लोखंडी तराफा आहे, गंजलेला.
इथे आमची झोपडी होती, त्याने काढून टाकली.
तिथे वीटभट्टीचं धुराडं, तेही.
तो बर्च त्याच्या मनचा.
"नदीला मात्र हात लावला नाही.
तिच्याशी बहुतेक जमलं नसेल."

सावेलीने शेवटचा मासा तिच्यासाठी ठेवला होता.
तराफ्यावर उभ्या उभ्या आम्ही तो सोलून खाल्ला,
मीठ जास्त होतं, बोटं चिकट झाली,
आणि ती पाण्यावर वाकली हात धुवायला,
पाठमोरी.
रुमाल करडा, कडेला उसवलेला.

फोटो काढावा असं होतं सगळं. काढला नाही.
तराफ्याला वळसा घालून
चिखलातून, पुढच्या बाजूने गेले, घोट्याएवढ्या पाण्यात,
आणि समोरून पाहिलं.

नाक थोडं वाकडं. डाव्या भुवईत एक टाक्याची खूण.
तोंडात अजून एक काटा, तो ती जिभेने शोधत होती.

"बूट भिजले तुमचे," ती म्हणाली.
"हो."
"सहा चाळीसची बस शेवटची."
"हो."

ती हसली का, सांगता येत नाही,
ऊन माझ्या डोळ्यांवर होतं.
पण काटा सापडला तिला.
तो तिने चिमटीत धरून
उजेडाकडे करून पाहिला, मग टाकला पाण्यात.