बटण

"अकॉर्डियन विकणे आहे. काळं, पेटीसकट.
उजवीकडचं एक बटण अडकतं."
एवढंच लिहिलं जाहिरातीत.
कुणाचं होतं, ते लिहिलं नाही.

पहिलं उत्तर सात मिनिटांत आलं.
"प्रिय सिर्का, किती सुंदर वाद्य!
आपली प्रकृती कशी आहे?
मी सध्या समुद्रावर, जहाजावर इंजिनियर.
माणूस पाठवून घेऊन जाईन,
घासाघीस माझ्या स्वभावात नाही.
फक्त खालच्या लिंकवर
आपल्या बँकेची ओळख तेवढी पटवावी."

एकतीस वर्षं मी कोत्काच्या टपाल कचेरीत पत्रं लावली.
पाकीट हातात आलं की कळायचं:
घाईत चिकटवलेलं तिकीट,
पत्त्यावर रुतलेलं पेन,
वाढदिवसाच्या कार्डात दडवलेल्या नोटेचं वजन.
आता हातात काय घेऊ?
काच सगळ्यांचीच सारखी गुळगुळीत.

पूर्वी आमची भाषाच दाराशी राखण बसायची.
पंधरा विभक्त्या तिच्या.
परका चोर तिसऱ्या शब्दाला ठेचकाळायचा
आणि आम्ही हसून फोन पालथा ठेवायचो.
आता यंत्रं त्यांना व्याकरण पुरवतात.
या इंजिनियरची एकही विभक्ती चुकलेली नाही.
इतकं शुद्ध तर आमचा पाद्रीही बोलत नाही.

दुसरं उत्तर रात्री पावणेबाराला.
ना नमस्कार, ना नाव.
"कुठलं बटण वरचं का मधलं
भाता फाटलाय का कुठं
चारशे जास्त होतात बघा
शनिवारी हामिनाहून बस आहे"
अर्धे प्रत्यय गिळलेले,
पूर्णविराम औषधालाही नाही.

चोराला बटणाशी काय कर्तव्य?
भाता फाटका असला तरी त्याचं चालतं,
अकॉर्डियन मुळात नसलं तरी चालतं.
ज्याला वाजवायचंय
तो आधी खोट विचारतो.

हे कळायला काही एकतीस वर्षं लागत नाहीत.
मग मी पहिलं उत्तर पुन्हा का उघडलं?
आपली प्रकृती कशी आहे.
मार्चपासून कुणी विचारलं नव्हतं.
मुलगी विचारते, गोळ्या घेतल्यास ना;
ते निराळं.
"गुडघा दुखतो, जिना" इथवर लिहिलं,
आणि एकेक अक्षर मागे घेतलं.

शनिवारी तो आला.
बूट काढून दारातच थांबला, मोज्याला भोक,
माझ्या खांद्यावरून आत पाहत.
"मला वाटलं, तुम्ही नसालच.
फोटो फार चांगला होता.
बायको म्हणाली, पैसे मोज्यात ठेव."
"त्या भोकाच्या?" मी विचारलं.
"दुसऱ्या."

नाव इल्पो. पट्टे खांद्यावर चढवले
पण वाजवलं नाही.
भाता उघडला, मिटला, नुसता श्वास ऐकला.
मग बटणांवरून अंगठा फिरवत गेला,
हळू, रांगेरांगेनं,
जशी मी कधी पाकिटांवरून फिरवायची.
"ज्यांचं होतं, त्यांची अनामिका आखूड होती का?"

होती.
एक्क्याऐंशी साली, कागद गिरणीत, दीड पेर.
हे मी जाहिरातीत लिहिलं नव्हतं.
"इथली बटणं कोरी आहेत," तो म्हणाला,
"आणि शेजारची झिजलीत.
दोघांचं काम तिसरं बोट करत होतं.
म्हणून ते अडकतं."

मी खुर्ची ओढून बसले.
त्यानं तीनशे साठ मोजले,
मी त्याच्यासमोरच पुन्हा मोजले.
त्याला राग आला नाही.
पेटीचं कुलूप त्यानंही दोनदा लावून पाहिलं.

रात्री जहाजावरून पुन्हा निरोप:
"प्रिय सिर्का, उत्तर नाही. काळजी वाटते."
मी "विकलं" एवढंच लिहिलं.
गुडघ्याचं काही लिहिलं नाही.