व्यवसाय

स्कुटीच्या कर्जासाठी जिंतूरच्या बँकेत बसलेय.
साहेब विचारतात, व्यवसाय काय?
गृहिणी टाकू का?

संघटक, मी म्हणते.
कशाच्या?
बायांच्या.
ते पेनाला टोपण लावतात, परत काढतात.
यादीत असा पर्याय नाही.

अकरा वर्षं झाली.
पहिल्या बैठकीला निघाले तेव्हा
सासूनं बजावलं होतं, दिवे लागायच्या आत घरी.
तिथं दैवशालाताईंनी दोनच गोष्टी शिकवल्या:
निवेदन दिल्याशिवाय सरपंचाचा चहा घ्यायचा नाही,
आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

पोचांनी आता खताची गोणी भरलीय.
रेशनच्या, गायरानाच्या,
परभणीला कलेक्टर कचेरीसमोर
तीन रात्री डास मारत काढल्या, त्या निवेदनाचीही आहे.
सातबाऱ्यावर नाव चढलेली
परवाची कोकिळा एकशे बारावी.
माझं अजून चढायचंय.
घरी विषय काढला की
नवरा मोटार चालू करायला निघून जातो.

उत्पन्न?
नऊ हजार. मानधन.
त्यातला मान गावात मिळतो,
धन मार्चनंतर.

साहेब हसत नाहीत. म्हणतात,
‘इतर’ लिहितो मग.
लिहा.
पण खाली रेघ आहे बघा, ‘इतर असल्यास तपशील’,
ती मोकळी सोडू नका.

कागद माझ्याकडं सरकतो.
रेघ बोटभर.
बाहेर नसरीन उसन्या गाडीवर हॉर्न वाजवतेय,
बोरीला दोनची बैठक आहे.
वाजवू दे.
माझं अक्षर मोठं आहे,
वेळ लागतो.