मागे पाहा

सूचनांसाठी तुम्ही चार रेघा दिल्यात, मॅडम.
वर छापलंय : किशोरवयीनांचे मानसिक आरोग्य, आपले मत.
खाली बारीक अक्षरात :
नाव ऐच्छिक, वर्ग आणि तुकडी आवश्यक.
नववी ड मध्ये आम्ही मुली सातच.
कुणाचं अक्षर कोणतं, शिपाईकाकाही सांगतील.

तरी लिहिते.

आधी दाराचं.
समुपदेशन कक्ष तुम्ही
मुख्याध्यापकांच्या खोलीला लागून काढलात,
दाराला काच.
मधल्या सुट्टीत अख्खी शाळा तिथूनच नळावर जाते.
आत कोण बसलंय, रडतंय की नुसतं नाक पुसतंय
हे पाण्याच्या रांगेला आधी कळतं,
मग घरी,
तुम्हाला सगळ्यात शेवटी.

निनाद हेडाऊ अकरा दिवस आला नव्हता.
हजेरीत लागलं : आजारी.
त्याचे बाबा म्हणाले : नाटकं.
गोळीबार चौकामागच्या त्याच्या गल्लीत
आम्ही तिघं गेलो सायकलींनी,
मी, झोया, आणि प्रज्योत उईके,
जो दिवाळीपासून निनादशी बोलतच नव्हता.
काय काय बोलायचं ते रस्ताभर ठरवलं होतं.
दारात पोचल्यावर प्रज्योत म्हणाला,
"काहून बे, तुह्या सायकलची चेन उतरली का?"
चेन जागेवर होती.
दोघांनी मिळून ती आधी उतरवली,
मग उकिडवे बसून, काळ्या बोटांनी,
अर्धा तास चढवत राहिले.
आम्ही दोघी पायरीवर बसून चिवडा खाल्ला.

जाताना निनाद म्हणाला, घरात कुलर एकच,
त्याच्यासमोर आम्ही सहा जणं झोपतो.
कुलर सुरू असला की रडता येते,
लाइट गेली की थांबा लागते.
हे त्यानं असं सांगितलं
जसं कुणी पाण्याची वेळ सांगतं.
आम्ही कोणीच काही म्हटलं नाही.
त्याच्या आईनं फाटकापाशी गाठून विचारलं,
"पोरीहो, याले झालं काय?"
आम्हाला माहीत नव्हतं.
त्यालाही नसावं.

तुम्ही म्हणता, व्यक्त व्हा.
मागच्या महिन्यात सभागृहात बसवलंत,
साडेतीनशे पोरं, पंखे चार, त्यातला एक नुसता वाजणारा.
पाहुणे तासभर उशिरा आले
आणि म्हणाले, ताण घेऊ नका.
आभारप्रदर्शन झालं.
मग बीजगणिताची चाचणी.

त्यापेक्षा हे शिकवा ना :
मैत्रीण म्हणाली, कोणालेच सांगू नको,
तर ते किती दिवस पोटात ठेवायचं?
सांगायचंच झालं तर कुणाला,
आणि ते मोठं माणूस ऐकून घेतल्यावर
पहिला फोन कोणाला लावणार?
मी एकदा नऊ दिवस ठेवलं होतं.
आईला वाटलं, मला कावीळ झाली.
दहाव्या दिवशी तिच्या मोठ्या बहिणीला सांगितलं.
मैत्रीण दोन महिने माझ्याशी बोलली नाही.
पण आहे ती, सात मुलींत.
ते दोन महिने मला चालले.
कोणी आधी सांगितलं असतं
की असं चालतं,
तर नऊ दिवस लागले नसते.

झोया म्हणते, लिहू नको एवढं,
आपल्यावरच एक व्याख्यान ठेवतील.
प्रज्योतनं त्याच्या फॉर्मवर लिहिलंय : पंखा दुरुस्त करावा.
मला वाटतं तेही बरोबर आहे.

माझ्या चार रेघा दारापाशीच संपल्या,
म्हणून कोपऱ्यात बाण काढला, मागे पाहा.
पाहिलंत, त्याबद्दल थँक्यू.

निनाद आता येतो.
मंगळवारी येत नाही.
मंगळवारचं मला विचारू नका, त्यालाच विचारा,
पण त्या काचेमागे बसवून नको.
नळाच्या मागे कडुनिंब आहे.
तिथं सावली साडेचारपर्यंत असते,
आणि दोन विटा आहेत बसायला,
तिसरी लागली तर आणून ठेवू.